वर येण्याची घाई

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाला दोन मनोरे आहेत. त्यांतला मॅनहॅटन बाजूचा मनोरा खडकावर नाही, वाळूच्या थरावर उभा आहे. खडकापर्यंत खणत जायचे असाच मूळ बेत होता. पण १८ मे १८७२ रोजी मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग यांनी खोदकाम थांबवले. पाया तेव्हा पाण्याच्या पातळीखाली सुमारे २४ मीटर गेला होता. हा वाळूचा थर पुरेसा घट्ट आहे, मनोऱ्याचा भार तो पेलेल, असा त्यांचा हिशेब होता आणि पुढच्या दीडशे वर्षांनी तो खरा ठरवला. मात्र हा हिशेब मांडायची वेळ आली ती पाया खणायला खाली उतरणाऱ्या मजुरांमुळे. खाली धडधाकट असलेली माणसे वर आल्यावर कोसळत होती.

नदीच्या तळाशी कोरडे राहून खणायचे तर त्या काळी एक युक्ती वापरत. तळ नसलेली प्रचंड लाकडी पेटी, म्हणजे कॅसन, नदीत बुडवायची आणि तिच्यात पंपाने सतत हवा भरत राहायची. आतली हवा दाबाखाली असली की पाणी आत शिरत नाही. पेटी जितकी खोल जाईल तितका हवेचा दाब वाढवावा लागतो; २४ मीटरवर तो नेहमीच्या तिपटीहून अधिक होतो. पाळी संपली की मजूर एअरलॉक नावाच्या छोट्या बंद खोलीत येत, झडप उघडून तिथला दाब उतरवला जाई आणि काही मिनिटांत ते मोकळ्या हवेत येत. दुखणे त्यानंतर सुरू होई. कुणाचा गुडघा किंवा खांदा असह्य ठणकू लागे, कुणाच्या पोटात कळ येई, कुणाचे पायच चालेनासे होत. पुलाच्या कामावरचे डॉक्टर अँड्र्यू स्मिथ यांनी त्या वर्षीच्या पहिल्या पाच महिन्यांत अशा ११० रुग्णांची नोंद केली. मे महिन्यात मजुरांनी संप पुकारला. चार तासांच्या कामाला तीन डॉलर रोज मिळावा, ही त्यांची मागणी होती. खुद्द रोबलिंगही या आजारातून सुटले नाहीत. उरलेली अकरा वर्षे त्यांनी घरातून काम पाहिले आणि त्यांचे निरोप, आराखडे आणि अडचणी घेऊन पत्नी एमिली कामावर जात राहिल्या. २४ मे १८८३ रोजी पूल खुला झाला.

या हकिगतीत एक गोष्ट चुटपुट लावणारी आहे. दुखणाईत माणूस पुन्हा दाबाखाली गेला की त्याला बरे वाटते, हे कामावरच्या लोकांना ठाऊक होते. रुग्णाला लोखंडी खोलीत ठेवून हवेचा दाब वाढवावा आणि मग हळूहळू उतरवावा, असा उपाय डॉक्टर स्मिथ यांनी सुचवलाही होता. प्रत्यक्षात त्यांनी तो एकदाही वापरला नाही. डीकंप्रेशन सिकनेस किंवा 'बेंड्स' म्हणून आज ओळखल्या जाणाऱ्या या आजाराचा पुढचा सारा इतिहास असाच आहे. उपाय फार पूर्वी सापडला. त्याला लागणारा वेळ द्यायची तयारी मात्र दर वेळी असतेच असे नाही.

खाली काही होत नाही

पाण्यात दर दहा मीटर खाली गेले की अंगावरचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो. पृष्ठभागावर तो एक धरला तर दहा मीटरवर दोन, वीसवर तीन आणि तीसवर चार. पाणबुड्या पाठीवरच्या टाकीतून जी हवा घेतो ती त्याला भोवतालच्या दाबानेच मिळते, नाहीतर छाती फुगवणेच जमणार नाही. म्हणजे तीस मीटरवर प्रत्येक श्वासात तो चौपट दाबाची हवा घेत असतो.

या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. शरीर ऑक्सिजन खर्च करते, नायट्रोजनचे त्याला काहीच काम नसते. पण दाब वाढला की त्याच प्रमाणात वायू द्रवात अधिक विरघळतो, हा विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये मांडलेला नियम रक्तालाही लागू आहे. नायट्रोजन फुप्फुसांतून रक्तात येतो आणि रक्ताबरोबर साऱ्या अंगात पसरतो. मेंदूसारख्या भरपूर रक्त मिळणाऱ्या भागांत तो काही मिनिटांत भरतो. चरबी आणि कूर्चा यांत सावकाश शिरतो. चरबीत तो पाण्याच्या जवळजवळ पाचपट मावतो. पाणबुड्या जितका वेळ खाली राहील आणि जितका खोल जाईल तितका हा साठा वाढत जातो. खाली असताना त्याला याची काहीही जाणीव नसते.

वर येताना दाब कमी होतो आणि हा जादा नायट्रोजन बाहेर पडू पाहतो. सावकाश आले तर रक्त तो फुप्फुसांपर्यंत आणते आणि उच्छ्वासावाटे तो निघून जातो. घाईने आले तर वाहून नेण्याआधीच त्याचे बुडबुडे होतात. गोटी सोड्याच्या बाटलीची गोटी आत ढकलली की जे होते, तेच इथे रक्तात आणि पेशींच्या मधल्या जागेत होते.

बुडबुडे सांध्याजवळ झाले तर ठणका लागतो. त्वचेखाली झाले तर खाज सुटते किंवा संगमरवरासारखे निळसर-तांबडे पट्टे उमटतात. मज्जारज्जूत झाले तर पाय बधिर होतात, लघवी अडते, कमरेखालचा भाग लुळा पडू शकतो. कानाच्या आतल्या भागात झाले तर जग गरगरू लागते आणि उलट्या सुरू होतात. फुप्फुसांत फार मोठ्या संख्येने पोहोचले तर छाती आवळते, खोकला आणि धाप लागते, जीव धोक्यात येतो. बुडबुडा नुसता वाट अडवून थांबत नाही. तो रक्तवाहिनीच्या आतल्या नाजूक अस्तराला खरचटतो, त्यावर रक्तातल्या बिंबिका चिकटतात, सूज येते. म्हणूनच बुडबुडा विरला तरी इजा पुढे चालू राहू शकते, आणि म्हणूनच उपचारात एकेक तास मोलाचा ठरतो.

प्रत्येक बुडबुडा आजार घडवतो असेही नाही. ध्वनिलहरींच्या तपासणीत दिसून आले आहे की, सगळे नियम पाळून वर आलेल्या निरोगी पाणबुड्यांच्या शिरांमध्येही अनेकदा बारीक बुडबुडे फिरत असतात. फुप्फुसांतल्या केशवाहिन्या ते गाळून अडवतात आणि माणसाला काही कळतही नाही. पण सुमारे चौघांपैकी एकाच्या हृदयात, वरच्या दोन कप्प्यांच्या मधल्या पडद्यात, गर्भावस्थेतले एक छिद्र पुरते बुजलेले नसते. एरवी ते निरुपद्रवी असते. पाणबुड्याच्या बाबतीत मात्र त्या वाटेने बुडबुडे फुप्फुसांची गाळणी चुकवून थेट मेंदूकडे जाऊ शकतात. सारखीच बुडी मारलेल्या दोघांपैकी एकच आजारी का पडतो, याच्या कारणांपैकी हे एक.

साप, खाणकामगार आणि बोकड

दाब उतरल्यावर शरीरात बुडबुडा होतो हे पहिल्यांदा दिसले ते एका सापाच्या डोळ्यात. रॉबर्ट बॉयल हे आपल्या निर्वात पंपाखाली प्राणी ठेवून प्रयोग करत. त्यांपैकी एका विषारी सापाच्या डोळ्यातल्या पाण्यात त्यांना बुडबुडा हलताना दिसला आणि १६७० मध्ये त्यांनी त्याची नोंद केली. माणसावर ही वेळ यायला आणखी पावणेदोनशे वर्षे जावी लागली, कारण तेवढा दाब तयार करणारे वाफेचे पंप तोवर नव्हते. १८४०च्या सुमारास फ्रान्समध्ये ट्रिजे नावाच्या अभियंत्याने पाणथळ जमिनीतल्या खाणीसाठी दाबाखालच्या हवेचा वापर केला आणि त्याच्या मजुरांना सांधेदुखी जडली. १८५४ मध्ये पोल आणि वातेल या फ्रेंच डॉक्टरांनी खाणकामगारांच्या निरीक्षणातून नेमके बोट ठेवले: धोका दाबात शिरण्यात नाही, किंमत बाहेर पडतानाच मोजावी लागते, आणि पुन्हा दाबाखाली नेले तर रुग्णाला आराम पडतो.

कारण शोधून काढले ते पॉल बेर यांनी. या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने प्राण्यांवर असंख्य प्रयोग केले, झटक्यात दाब उतरवल्यावर रक्तात सापडणारा वायू मुख्यतः नायट्रोजन असतो हे दाखवले आणि १८७८ मध्ये हे सारे आपल्या मोठ्या ग्रंथात छापले. दाब सावकाश उतरवा, आजारी पडल्यास पुन्हा दाब द्या आणि ऑक्सिजन द्या, हा आजचा उपचार ढोबळ रूपात त्या ग्रंथात आहे. फार दाबाचा ऑक्सिजन विषासारखा वागतो आणि झटके आणतो, हेही बेर यांनीच दाखवले.

दाबकक्ष प्रत्यक्ष कामावर आला तो न्यूयॉर्कच्याच हडसन नदीखालच्या बोगद्यात. अर्नेस्ट मोइर हे अभियंते १८९०च्या सुमारास तिथे रुजू झाले तेव्हा वर्षाला चौघांपैकी एक मजूर मरत होता. त्यांनी बोगद्याच्या तोंडाशी लोखंडी दाबकक्ष बसवला. बाहेर येऊन कोसळलेल्या माणसाला त्यात घालून दाब चढवायचा आणि मग अगदी हळू उतरवायचा. त्यानंतरच्या सव्वा वर्षात १२० मजुरांपैकी दोघे दगावले. मोइर डॉक्टर नव्हते. ब्रुकलिनमध्ये सुचून राहून गेलेली गोष्ट त्यांनी केली, एवढेच.

आजार होऊ नये म्हणून किती सावकाश वर यायचे, याचे उत्तर मिळाले ते बोकडांकडून. ब्रिटिश नौदलाला आपल्या पाणबुड्यांसाठी नियम हवे होते. शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी लंडनच्या लिस्टर संस्थेतल्या मोठ्या दाबकक्षात बोकड-शेळ्यांचा कळप ठेवून प्रयोग केले. शेळ्या आकाराने माणसाच्या त्यातल्या त्यात जवळच्या आणि त्यांच्या सांध्यात कळ आली की त्या पुढचा पाय उचलून धरतात, त्यामुळे निदानाला डॉक्टर लागत नाही. हॉल्डेन यांच्या लक्षात आले की दाब निम्म्यावर येईपर्यंत प्राण्याला सहसा काही होत नाही, मग तो दोनावरून एकवर आणा की सहावरून तीनवर. म्हणजे सुरुवातीला पटकन वर यायला हरकत नाही. पृष्ठभाग जवळ येईल तसतसे थांबत यायला हवे. शरीराचे पाच काल्पनिक भाग करून त्यांत नायट्रोजन निम्मा भरायला ५ ते ७५ मिनिटे लागतात असे त्यांनी धरले आणि खोली व वेळ यांची कोष्टके बनवली. १९०८ मध्ये बॉयकॉट आणि डॅमंट या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी ती प्रसिद्ध केली.

यांतले गाय डॅमंट नौदलाचे अधिकारी होते. कोष्टकांवर विश्वास ठेवून ते स्वतः १९०६ मध्ये स्कॉटलंडच्या समुद्रात ६४ मीटर खोल गेले आणि सुखरूप परतले. पुढे पहिल्या महायुद्धात 'लॉरेंटिक' हे जहाज ३,२११ सोन्याच्या लगडी घेऊन आयर्लंडजवळ बुडाले, तेव्हा ते सोने काढायचे काम डॅमंट यांच्याकडे आले. समुद्र खवळलेला, जहाजाचे पत्रे दबत चाललेले. १९१७ ते १९२४ या काळात त्यांच्या पाणबुड्यांनी पाच हजारांहून अधिक बुड्या मारल्या, ३,१८६ लगडी वर आणल्या आणि एकही माणूस गमावला नाही.

आजच्या पाणबुड्याच्या मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर याच कल्पनेचा वारस आहे. स्वित्झर्लंडचे आल्बर्ट ब्यूलमान यांनी पाचाऐवजी सोळा भाग धरले आणि तो हिशेब आज यंत्र दर काही सेकंदांनी करते. पण यंत्र सरासरी माणसाचा हिशेब करते. दमलेल्या, पाणी कमी प्यायलेल्या किंवा थंडीने काकडलेल्या माणसाचे शरीर त्या सरासरीत बसेलच असे नाही.

टाकीशिवायही

आजार फक्त टाकीवाल्यांना होतो असे बराच काळ मानले जाई. श्वास रोखून बुडी मारणाऱ्याच्या छातीत एक श्वासभरच हवा असते, ती किती विरघळणार? पॅसिफिकमधल्या तुआमोतू बेटांवरच्या मोत्यांच्या पाणबुड्यांनी हा समज खोडून काढला. तीस-चाळीस मीटरच्या बुड्या ते दिवसभर, मध्ये जेमतेम काही मिनिटे दम खाऊन मारत. त्यांना चक्कर, अंधत्व, पक्षाघात असे विकार होत आणि त्याला ते 'तारावाना' म्हणत. जवळच्या मांगारेवा बेटावरही तितक्याच खोल बुड्या मारत, पण तिथे दोन बुड्यांमध्ये दहा-पंधरा मिनिटे विश्रांती घ्यायची पद्धत होती. तिथे तारावाना नव्हता. दोन्हीकडे समुद्र तोच आणि खोलीही तीच. मधल्या विश्रांतीत प्रत्येक बुडीचा नायट्रोजन बाहेर पडायला वेळ मिळे, एवढाच फरक.

ऑक्सिजन आधी, मग दाबकक्ष

लक्षणे सहसा वर आल्यावर तासाभरात सुरू होतात आणि बहुतेकांना सहा तासांच्या आत दिसतात. क्वचित दुसऱ्या दिवशीही. पहिला शत्रू असतो तो 'काही नाही, टाकी उचलताना खांदा लचकला असेल' हा विचार. बुडी मारल्यानंतर चोवीस तासांत नव्याने उद्भवलेले दुखणे, मुंग्या, अशक्तपणा किंवा चक्कर ही दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत डीकंप्रेशन सिकनेसच समजावी, असे या क्षेत्रातले डॉक्टर सांगतात.

प्रथमोपचार साधा आहे. रुग्णाला आडवे झोपवायचे, घट्ट बसणाऱ्या मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन द्यायचा, शुद्धीवर असेल आणि उलट्या नसतील तर पाणी पाजायचे आणि दाबकक्षाची सोय करायची. ऑक्सिजनने बरे वाटू लागले तरी दाबकक्षाकडे जायचेच, कारण बरे वाटणे तात्पुरते असू शकते. दारू वर्ज्य. वेदना शमवण्यासाठी नायट्रस ऑक्साइड, म्हणजे लाफिंग गॅस, कधीही द्यायचा नाही. तो बुडबुड्यांत शिरून त्यांना फुगवतो. हेलिकॉप्टरने न्यायचे तर ते शक्य तितके खालून उडवायला हवे. आणि रुग्णाला 'परत खाली नेऊन आणू' म्हणत पुन्हा पाण्यात उतरवणे हा प्रशिक्षित पथक, भरपूर ऑक्सिजन आणि योग्य साधने नसतील तर घातक खेळ आहे. पाण्यात माणसाला झटका आला किंवा शुद्ध हरपली तर तो बुडतो.

दाबकक्ष म्हणजे जाड पोलादी नळकांडे, गोल खिडक्या, आत दोन-चार बाकांची जागा. आत जाताना खिशातला लायटर, मोबाइल, तेलकट क्रीम सगळे बाहेर ठेवावे लागते, अंगावर सुती कपडे घालावे लागतात. वाढलेल्या ऑक्सिजनमध्ये एक ठिणगीही पुरते. दाब चढू लागला की हवा तापते, कानांना दडे बसतात आणि विमानात करतो तसे नाक दाबून ते मोकळे करावे लागतात. दाब उतरताना उलट गारठा येतो, कधी आत धुके जमते.

जगभर सर्वाधिक वापरले जाणारे उपचाराचे वेळापत्रक अमेरिकी नौदलाचे आहे. ते १९६५ मध्ये गुडमन आणि वर्कमन यांनी तयार केले आणि 'तक्ता ६' म्हणून ओळखले जाते. रुग्णाला १८ मीटर खोलीइतक्या, म्हणजे २.८ वातावरण दाबाखाली नेतात. तिथे तो वीस मिनिटे मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन घेतो, मग पाच मिनिटे साधी हवा, असे तीनदा. नंतर अर्ध्या तासात दाब ९ मीटरइतका उतरवतात, तिथे तासातासाच्या दोन ऑक्सिजन-फेऱ्या आणि प्रत्येकीबरोबर पंधरा मिनिटे हवा. शेवटी आणखी अर्धा तास उतरणीचा. एकूण पावणेपाच तास. लक्षणे हटेनात तर फेऱ्या वाढवतात, आणि काही शिल्लक राहिले तर पुढचे काही दिवस रोज उपचार करतात. मधली साधी हवा ऑक्सिजनच्या विषबाधेपासून बचावासाठी. बेर यांनी दाखवलेले झटके टाळायची हीच रीत.

यात दाबाचे काम किती आणि ऑक्सिजनचे किती? २.८ वातावरण दाबाखाली बुडबुड्याचे आकारमान जवळजवळ एक-तृतीयांशावर येते, पण त्याचा व्यास फक्त तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. अडकलेला बुडबुडा बारीक होतो, नाहीसा होत नाही. त्याला संपवतो तो ऑक्सिजन. शुद्ध ऑक्सिजनच्या श्वासात नायट्रोजन नसतो, त्यामुळे बुडबुड्यातला नायट्रोजन रक्तात आणि तिथून फुप्फुसांत झपाट्याने ओढला जातो. शिवाय या दाबाला ऑक्सिजन हिमोग्लोबिनची वाट न पाहता रक्तद्रवातच इतका विरघळतो की बुडबुड्याने उपाशी ठेवलेल्या पेशींपर्यंत तो पोचतो. १९६० मध्ये ॲम्स्टरडॅमचे शल्यविशारद इटे बूरेमा यांनी दाबकक्षात ठेवलेल्या डुकरांचे रक्त जवळजवळ काढून टाकले आणि केवळ द्रवात विरघळलेल्या ऑक्सिजनवर ती जगतात हे दाखवले. सूज ओसरणे हा तिसरा फायदा.

रुग्णासोबत कक्षात एक परिचारक बसतो, त्याच्याकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही. तो साधी हवा घेत पावणेपाच तास दाबाखाली असतो, म्हणजे त्याने स्वतःच एक लांब बुडी मारलेली असते. म्हणून शेवटच्या टप्प्यात त्यालाही मास्क लावून ऑक्सिजन घ्यावा लागतो.

लवकर उपचार झालेले बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. मज्जारज्जूचा आजार आणि दिरंगाई एकत्र आली की मात्र कायमचे लुळेपण उरू शकते. वर्षानुवर्षे दाबाखाली काम करणाऱ्यांच्या मांडीच्या आणि दंडाच्या हाडाचा गोळा रक्ताअभावी हळूहळू मरतो, हा विकार वेगळा आणि तो कुठल्याही कक्षात उलटवता येत नाही.

मुंबईच्या समुद्रात

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, जिथे समुद्र सत्तर-ऐंशी मीटर खोल आहे, तिथे १९७४ मध्ये तेल सापडले. 'मुंबई हाय'च्या तेलविहिरींच्या नळ्या आणि फलाटांचे पाय दुरुस्त करणारे पाणबुडे घाई टाळायचा सर्वांत टोकाचा मार्ग वापरतात. शरीरात एका दाबाला मावेल तेवढा वायू भरला की पुढे कितीही दिवस राहा, साठा वाढत नाही. मग रोज वर येण्याची शिक्षा कशाला? हे पाणबुडे जहाजावरच्या दाबकक्षात आठवडेच्या आठवडे राहतात, तिथेच जेवतात, झोपतात, हेलियममिश्रित वायू श्वासात घेतल्यामुळे चिरक्या आवाजात बोलतात आणि कामाला एका घंटेसारख्या कुपीतून खाली उतरतात. दाब उतरवतात तो अगदी शेवटी एकदाच. ढोबळमानाने दर तीस मीटरला एक दिवस आणि वर आणखी एक. ऐंशी मीटरवर काम केलेल्या माणसाला काम संपल्यावर जवळपास चार दिवस नुसते बसून राहावे लागते आणि त्याचे पैसे कंपनी देते. आपल्या नौदलाकडेही याची तयारी आहे. कुलाब्याच्या 'अश्विनी' रुग्णालयाशी जोडलेली नौदल वैद्यकशास्त्र संस्था याच विषयावर काम करते.

मालवण-तारकर्लीच्या समुद्रात प्रशिक्षकाचा हात धरून काही मीटर खाली जाणाऱ्या पर्यटकाला हा आजार होण्याची शक्यता अगदी कमी, कारण खोली आणि वेळ दोन्ही थोडे. तिथला धोका वेगळा आहे: घाबरून श्वास रोखून वर येण्याचा. तीन-चार मीटरवरून तसे आले तरी फुप्फुसातली हवा फुगून ते फाटू शकते आणि हवा थेट रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाते. म्हणून टाकीवर बुडी मारणाऱ्याने श्वास कधीच रोखायचा नाही. अंदमान, नेत्राणी किंवा गोव्याला खऱ्या खोलीत, दिवसाला दोन-तीन बुड्या मारणाऱ्यांनी मात्र परतीच्या विमानाचा विचार आधी करावा. विमानाच्या केबिनमधला दाब जमिनीपेक्षा कमी असतो, त्यामुळे विमान हा आणखी एक 'वर येण्याचा' टप्पाच ठरतो. एकाच साध्या बुडीनंतर निदान बारा तास, अनेक बुड्यांनंतर निदान अठरा तास आणि थांबे घेत केलेल्या खोल बुड्यांनंतर त्याहून बरेच अधिक थांबावे. मोटारीलाही हाच नियम थोड्या प्रमाणात लागू आहे. समुद्रकाठावरून आंबोली घाटाने निघालेली गाडी बघता बघता सुमारे सातशे मीटर उंची गाठते.

शहरांतल्या रुग्णालयांत मधुमेहाच्या न भरणाऱ्या जखमांसाठी जे ऑक्सिजन-कक्ष असतात, ते सगळेच या आजाराच्या तातडीच्या उपचाराला चालतात असेही नाही. अनेक ठिकाणी एकच माणूस झोपू शकेल अशी नळी असते, दाब मर्यादित असतो, आत डॉक्टर बसू शकत नाही आणि रात्री ती बंद असते. बुडी मारायला नेणाऱ्या कोणत्याही संस्थेला विचारायचा प्रश्न म्हणूनच हा आहे: बोटीवर ऑक्सिजन आहे का, आणि तातडीचे रुग्ण घेणारा सर्वांत जवळचा दाबकक्ष कुठे?

वेळेचा खर्च

होंडुरासच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या मिस्किटो लोकांना हे प्रश्न विचारायची सोय नव्हती. तिथले पुरुष शेवंड्यांसाठी, म्हणजे लॉब्स्टरसाठी, टाक्या लावून बुड्या मारतात आणि हा माल मुख्यतः अमेरिकेतल्या ताटांत जातो. मजुरी मिळते ती पकडलेल्या शेवंड्यांच्या वजनावर. उथळ पाण्यातल्या शेवंड्या संपत गेल्या तसे ते अधिक खोल जाऊ लागले, एका दिवसात टाकीमागून टाकी रिकामी करू लागले. ना नीट प्रशिक्षण, ना खोली दाखवणारे यंत्र, ना बोटीवर पुरेसा ऑक्सिजन. बोट बंदरापासून दूर आणि एका आजारी माणसासाठी फेरी अर्धवट सोडायला मालक तयार नसतो. दाबकक्षापर्यंत पोहोचेस्तोवर काही दिवस उलटलेले असतात. त्या किनाऱ्यावरच्या गावांमध्ये काठीच्या आधाराने चालणारे आणि चाकांच्या खुर्चीला खिळलेले तरुण मोठ्या संख्येने आहेत. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने मिस्किटो पाणबुड्यांच्या प्रकरणात, ४२ जणांचे हाल आणि मृत्यू लक्षात घेऊन, होंडुरासच्या सरकारला जबाबदार धरले. बोटींच्या मालकांवर देखरेख ठेवणे हे सरकारचे काम होते आणि ते झाले नाही.

मिस्किटो पाणबुड्या आणि मुंबई हायचा पाणबुड्या यांच्या रक्तात वायू एकाच नियमाने विरघळतो. एकाच्या कामात दाब उतरवण्याचे चार दिवस पगारी धरलेले असतात. दुसऱ्याच्या कामात वर येताना थांबलेले प्रत्येक मिनिट म्हणजे न पकडलेली शेवंड असते. वैद्यकशास्त्राने या आजाराबद्दल जे सांगायचे ते १८७८ पासून टप्प्याटप्प्याने सांगितले आहे आणि त्यातले बरेचसे स्वस्तही आहे: थांबे, विश्रांती, बोटीवर ऑक्सिजनची टाकी, आणि दुखतंय म्हणणाऱ्यावर विश्वास. या मिनिटांचा हिशेब मजुराच्या कमाईतून वजा होत राहील तोपर्यंत पक्षाघाताचे नवे रुग्ण येत राहतील. मिनिटे मजुरीत मोजायला लावणारा कायदा, आणि तो बोटीवर पाळला जातो की नाही हे तपासणारा निरीक्षक, हे या रोगावरचे असे उपचार आहेत जे कुठल्याही दाबकक्षात होत नाहीत.